सगळ्यांच्या किल्ल्या

रविवार, ६ मार्च १९९४. नवीन पनवेल.

चारूला कंपनीतून दोन डायऱ्या मिळाल्या. जिच्यावर चहा सांडला होता ती त्याने मला दिली. म्हणाला, "आत्या, तिकडे तुझा वेळ जाईल." गुणी आहे माझा भाचा, आठवणीने देतो.

तर मी आशालता टिपणीस आजपासून नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर मुक्कामाला आहे. मुक्काम पंधरवड्याचा. घर सरकारी योजनेतलं. कमी मिळकतीच्या लोकांना स्वस्तात घर, अशी योजना. अट एवढीच की अर्जदाराच्या नावावर दुसरीकडे घर नको आणि कमाई बेताची हवी. अर्ज निघाले तेव्हा दादाने घरातल्या सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि दोन्ही बाबतींत मीच पहिली आले. आयुष्यात कशात तरी पहिली आले बाई एकदाची!

सोडतीतही माझंच नाव निघालं. आईने माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या मी मोडल्या, बालवाडीत शिकवून साठवलेली शिल्लक त्यात घातली आणि सुरुवातीची रक्कम भरली. हप्ता माझ्या पासबुकातून जातो, कारण नियमच तसा आहे, त्याला दादा तरी काय करणार? पण धावपळ सगळी त्याची. उन्हातान्हात कितीदा घरं बांधणाऱ्या महामंडळाच्या कचेरीत गेला. घर अर्थात चारूसाठी. त्याचं लग्न ठरलंय. मी आपली नावापुरती.

आता भानगड अशी की ज्याला घर मिळालं त्याने स्वतः तिथे राहायला हवं. महामंडळाचा माणूस तपासणीला येतो. घर बंद दिसलं तर काढून घेतात आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला देतात. म्हणून मी. तपासणी झाली की मी परत डोंबिवलीला, आणि चारूचा संसार इथे.

दादा पोचवायला आला होता. माझी वळकटी, एक स्टोव्ह, चार भांडी आणि आईची मोठी ट्रंक. ट्रंकेतली भांडी चारूच्या संसाराला होतील, म्हणून ती आत्ताच आणून ठेवली, पुन्हा टेम्पो नको. जाताना म्हणाला, "उघडू नकोस हं, परत भरायचा व्याप." घराच्या कुलपाच्या दोन किल्ल्या. एक मला दिली, एक स्वतःच्या जुडग्यात अडकवली.

अख्ख्या इमारतीत मी एकटी. खालपासून वरपर्यंत कुलपं. जिन्यात दिवा नाही. गॅलरीतून मात्र कर्नाळ्याचा सुळका समोर दिसतो. उगीच बघत बसले.

मंगळवार, ८ मार्च

पाण्याचा टँकर आला. दोन बादल्या तीन मजले चढवल्या. कंबर बोलायला लागली आहे.

टँकरपाशी मासळीवाली भेटली. भीमाबाई, आसूडगावची. पाटी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "काय गो बाय, या भुताच्या बिल्डिंगीत एकलीच?"

म्हटलं, पंधरा दिवसांसाठी आहे. ती इमारतीकडे बोट करून म्हणाली, "हितं आमचं भाताचं खलं व्हतं. तुजी मोरी हाय ना, बराबर थितं आमची सासू झोडणी करायची." मी म्हटलं, माफ करा बाई. तर खदाखदा हसली. "तू कशाला माफी मागतंस? तू घेतलीस काय जमीन? कोलंबी घे."

कोलंबी! दादाकडे वहिनीने अनुग्रह घेतल्यापासून मासळी बंद. आम्हां सगळ्यांनाच अनुग्रह झाल्यासारखा. मी इकडे तिकडे बघितलं, जसं काही डोंबिवलीहून कोणी बघणार होतं, आणि घेतली. खाडीची ताजी कोलंबी, कोकम घालून, गरम भात. इतकं जेवले की नंतर बसवेना.

वहिनीला कळवायचं कारण नाही. भांडं घासून उन्हात ठेवलंय.

शनिवार, १२ मार्च

सबनीस म्हणून गृहस्थ आले. कमलाकर सबनीस, माझ्याच खालच्या घराचे मालक. राहतात दादरला, भावांबरोबर एका खोलीत. मिसेसचं नाव वसुंधरा, आणि वसुंधराबाईंचा इथे यायला साफ नकार. पाणी नाही, गाडी नाही. "पनवेलपर्यंत रेल्वे येऊ द्या, मग बघू," म्हणतात. गाडी वाशीपर्यंत आलीय आणि सबनीसांचा संसार मध्येच लटकलाय.

बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग खिशातून किल्ली काढली. "आशाताई, तुम्ही इथे राहताच आहात. आमच्या गॅलरीत दोन कपडे वाळत घालाल का? म्हणजे... वस्ती दिसेल." एका पिशवीत मिसेसची साडी, स्वतःचा लेंगा आणि मुलीचा फ्रॉक. फ्रॉक बघून मला हसू आलं. मुलगी कॉलेजात आहे म्हणाले, पण फ्रॉक जास्त खात्रीचा वाटतो.

नाही कसं म्हणायचं? शेजारधर्म आहे. घेतली किल्ली.

गुरुवार, २४ मार्च

पंधरवडा उलटला. तपासणीचे साहेब काही आले नाहीत. दादाचा निरोप कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोनवर आला, "अजून थांब." थांबते.

बातमी पसरली बहुतेक. तळमजल्यावरच्या हरेश पाटलांची किल्ली आली, त्यांचं उरणला दुकान आहे. पहिल्या मजल्यावरच्यांची आली. सबनीसांच्या समोरच्यांची पोस्टाने आली, पाकिटात आगपेटी आणि आगपेटीत किल्ली! सगळ्या नाडीत ओवून कमरेला लावते. चालले की वाजतात. भीमाबाई म्हणते, "आली पाटलीण."

सकाळचा माझा आता ठराविक क्रम झालाय. सबनीसांचे कपडे बाहेर. हरेशभाऊंकडे रेडिओ लावायचा, त्यांना बातम्या आवडतात असं मीच ठरवलंय. पहिल्या मजल्यावर दारात रांगोळी, कारण ती घरातली सून उत्साही आहे. सून आहे की नाही मला ठाऊक नाही, पण मला ती आवडते. सबनीसांच्या समोरचे म्हातारे एकटे असतात, त्यांच्या दाराशी जोडे आणि काठी. काठी म्हणजे माझ्या झाडूची काठी.

काल सबनीसांच्या साडीचं पाणी पहिल्या मजल्यावरच्या रांगोळीवर ठिबकलं. मी सबनीसणीला चांगलं सुनावलं, "पिळून घाला की हो जरा!" आणि मग जिन्यात एकटीच हसत बसले. वेड लागलंय मला.

माझ्या दाराशी रांगोळी नाही काढत. इथे थोडेच कोणी राहतंय? एक पायपुसणं घेतलं मात्र, धूळ फार येते. आणि एक पडदा, ऊन येतं म्हणून. आणि कढीपत्त्याचं रोप, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी वाया जातं म्हणून.

रविवार, ३ एप्रिल

मी न्हाणीघरात असताना कुलूप उघडल्याचा आवाज आला. जीवच गेला माझा! बघते तर दादा, वहिनी, चारू आणि त्याची ठरलेली, अनुया. किल्ली होतीच दादाकडे. मी ओल्या केसांनी बाहेर, आणि सगळे माझ्या घरात उभे. म्हणजे चारूच्या.

मापं घ्यायला आले होते. चारूने टेप धरली, दादाने आकडे सांगितले. इथे डबलबेड, इथे गोदरेजचं कपाट, इथे टीव्ही. मी वळकटीसकट या भिंतीहून त्या भिंतीकडे सरकत होते, त्यांना अडचण नको म्हणून.

सहज विचारलं, "मी आले की कुठे निजू रे?" चारू म्हणाला, "तू कशाला येशील आत्या एवढ्या लांब, तीन मजले चढून?" किती काळजी आहे त्याला माझ्या पायांची.

बादल्या मी रोज चढवते, ते त्याला सांगायचं राहिलं.

अनुया शांत मुलगी दिसते. गॅलरीत जाऊन कढीपत्त्याला हात लावला. "आत्या, हा तुम्ही लावलात?" म्हटलं, हो, पाणी वाया जातं म्हणून. ती माझ्याकडे बघतच राहिली. काय बघत होती कोण जाणे. वहिनीने स्वयंपाकघरात नाक वर करून हवा हुंगली. मी पटकन उदबत्ती लावली.

गेल्यावर घर मोठं वाटलं. मोठं आणि फार गप्प. मला वाईट का वाटतंय ते कळत नाही. सगळं ठरल्यासारखंच तर चाललंय.

सोमवार, ११ एप्रिल. पाडवा.

काल सबनीसांचा फोन वाण्याकडे. पाडव्याला गुढी नसली तर घर ओसाड दिसेल, कोणी नजर ठेवून असेल तर पंचाईत, काय करावं? हरेशभाऊंचीही तीच चिंता. बांबू मी भीमाबाईच्या दिराकडून आणले. कडुनिंब मिळाला, गाठ्या पनवेल गावातून आणल्या. साड्या माझ्याच वापरल्या. तांब्यांचं मात्र अडलं. माझ्याकडे एकच तांब्या.

शेवटी ट्रंक उघडली. माझ्यासाठी उघडली असती तर गोष्ट वेगळी, ही लोकांच्या नडीला.

आईने वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली भांडी. इतकी वर्षं दादाच्या माळ्यावर होती, मी कधी पाहिलीच नव्हती नीट. पितळी तांबे, पेले, पातेली, डबे. प्रत्येकावर नाव घातलेलं. "चि. आशालता, आईकडून." लहानशा चमच्यावर जागा नव्हती, तिथे नुसतं "आशालता." माझं लग्न ठरेल म्हणून आई वर्षाला दोन-तीन भांडी घ्यायची आणि दुकानातच बसून नाव घालून आणायची. लग्न काही ठरलं नाही. आईने भांडी घेणं थांबवलं नाही. शेवटच्या डब्यावरची तारीख बघितली, तेव्हा मी चाळिशीला आले होते. एवढ्या उशिरापर्यंत घेत होती? कशासाठी गं, आई?

खूप रडले. इथे रडायला एक बरं आहे, कोणी दार ठोठावून काय झालं विचारत नाही. मग डोळे पुसले, चिंच लावून तांबे घासले आणि सगळ्यांच्या गॅलऱ्यांतून गुढ्या उभारल्या. रस्त्यावरून बघितलं तर इमारत काय सुंदर दिसत होती! भरलेली.

भीमाबाईने खालून हाक मारली. "आशे, सगल्यांच्या गुढ्या झाल्या. तुजी कुठं हाय?"

म्हटलं, "माझी डोंबिवलीला. एका घराच्या दोन गुढ्या कशाला?"

"ती तुज्या भावाची. तुजी इचारतंय मी."

ऐकू आलं नाही असं दाखवून आत गेले. आगाऊ आहे ती.

बुधवार, २० एप्रिल

पलीकडच्या इमारतीत तपासणी झाली! दोन घरं बंद होती, दोन्हींना मोहोर लावली. त्यातल्या एका घराचा मालक म्हणे ठाण्याहून धावत आला, जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडला, पण मोहोर ती मोहोर. दादाचा निरोप आला, "घर जाता कामा नये. दाराबाहेर पाऊल टाकू नकोस." वाण्याने तो फोनवर लिहून घेऊन दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, दुकानात गिऱ्हाईकं असताना.

आता माझं घर तर सांभाळायचंच, पण या बाकीच्यांचं काय? माझ्या भरवशावर बसलेत सगळे. विचार करून योजना आखली. साहेब येतील ते तळमजल्यापासून सुरू करतील. माझा स्टोव्ह आधी हरेशभाऊंकडे पेटलेला असेल. साहेब तिथून निघाले की भीमाबाई मागच्या बाजूने तो वर नेईल. भांडी, कपडे, अंथरुणं सगळीकडे थोडी थोडी आधीच मांडून ठेवायची. साहेब मजला चढतील तसं सामान पुढे पळत राहील आणि शेवटी माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर गोळा होईल. ते पोचतील तेव्हा मी माझ्या घरात, पदर खोचून, भाजी चिरत.

भीमाबाई म्हणाली, "लग्नाचं वऱ्हाड हाय काय तुजं सामान?" पण तयार झाली. रस्त्याला बसून जीप आली की "बांगडे" म्हणून ओरडणार. इतर वेळी कोलंबी म्हणेल.

शुक्रवार, २९ एप्रिल

 जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी वाण्याने कळवलं, साहेब आजूबाजूला दिसलेत. मी धावपळ करून सगळं मांडलं. माझ्या साड्या सबनीसांकडे. पातेली पहिल्या मजल्यावर. माझी गादी म्हाताऱ्यांकडे, त्यांना पाठीचं दुखणं असणार म्हणून. परवाच आणलेली तुळस हरेशभाऊंच्या दाराशी, आणि तिथेच स्टोव्ह पेटवून मी चहा टाकला. माझ्या घराचं दार धावपळीत उघडंच राहिलं.

भीमाबाई जीपची वाट बघत "कोलंबी, कोलंबी" करत होती. साहेब जीपने आलेच नाहीत. रिक्षानेही नाही. पायी आले, हातात छत्री, आणि कोलंबीचा भाव विचारून सरळ आत शिरले. भीमाबाईने गिऱ्हाईक म्हणून कोलंबी मोजूनसुद्धा दिली!

आणि ते तळमजल्यापासून सुरू करत नाहीत. आधी सगळ्यात वर जातात. नंतर मला त्यांनीच सांगितलं, "एकदाच चढायचं आणि मग उतरत उतरत लिहायचं. गुडघे काही सरकार बदलून देत नाही."

म्हणजे सगळ्यांत आधी त्यांनी माझं घर बघितलं. उघडं दार, रिकामी खोली, रिकामी ट्रंक.

मला पत्ताच नाही. मी खाली हरेशभाऊंच्या ओट्यापाशी चहा गाळतेय, तर दारात पन्नाशीचे, चष्म्याचे गृहस्थ. "मी दीनानाथ रसाळ, महामंडळाकडून. हरेश पाटील इथेच राहतात?"

"हो. दुकानात गेलेत."

"आपण त्यांच्या कोण?"

हरेशभाऊ तिशीचे. मी म्हटलं, "आई." मागून पाटी घेऊन भीमाबाई आली होती, तिने तोंडात पदर कोंबला.

रसाळसाहेब आत आले. बसले. मी चहा दिला. त्यांनी विचारलं, "तिसऱ्या मजल्यावरचं घर कोणाचं? दार उघडं आहे, आत काही नाही."

 आणि तोंडातून काय निघावं? "ते दादाचं. म्हणजे माझ्या भावाचं."

त्यांनी कागद चाळले. "इथे तर आशालता टिपणीस लिहिलंय. त्या कुठे राहतात?"

 मी आशालता म्हणावं तर पाटलांची आई कोण? नाही म्हणावं तर घर गेलं. घर गेलं! दादाचं नाही, चारूचं नाही, डोळ्यांपुढे तेव्हा यांतलं कोणी आलं नाही. कढीपत्ता आला. तो सुळका आला. आणि वाटलं, आता पुन्हा दादाच्या स्वयंपाकघरात फळीखाली अंथरूण घालायचं.

साहेब हातातला पेला फिरवून वाचत होते. म्हणाले, "बाई, त्या काठीवाल्या म्हातारेबुवांच्या खोलीत तांब्यावर आशालता. सबनीसांच्या डब्यावर आशालता. पहिल्या मजल्यावर पातेल्यावर आशालता. आणि आता या पेल्यावरही. वरपासून खालपर्यंत मला एकाच बाईचा संसार दिसला. ती बाई नेमकी राहते कुठे, तेवढं सांगा."

भीमाबाई पुढे झाली. "सायेब, आख्ख्या बिल्डिंगीत हीच एक राहते. बाकी सगली हिची सोंगं हायत. तुमी लोकांनी आमची जमीन घेतली ती घरं बांदायला ना? मंग राहते तिला तरी राहू द्या."

आणि मी ओरडले. खरंच ओरडले. "मी राहते! वर. ते घर माझं आहे. माझ्या पाटल्या आहेत त्यात, माझी बालवाडी आहे त्यात. हप्ता मी भरते, पाणी मी चढवते. माझं आहे ते!"

एवढ्या मोठ्याने मी यापूर्वी कधी बोलले असेन असं वाटत नाही. चहा ओट्यावर सांडला तो मी पुसायला घेतला, कारण करायला दुसरं काही सुचेना.

साहेब म्हणाले, "मला तसं वाटलंच होतं. खोली रिकामी होती, पण कुंडीतली माती ओली होती. म्हणून 'बंद' असा शेरा मी अजून मारला नव्हता." मग एक कागद पुढे केला. "मघाशी तुम्ही दादाचं म्हणालात. तसं असेल तर घर परत जाईल. तुमचं असेल तर इथे लिहून द्या, 'सदर घरात मी स्वतः राहते व यापुढेही राहीन.'"

'राहते' सहज लिहिलं. 'यापुढेही राहीन' लिहिताना हात थांबला. तपासणी झाली की परत जायचं ठरलेलं. दादाला शब्द दिलेला. साहेब घाई करत नव्हते, कोलंबीची पिशवी सांभाळत बसले होते. 

लिहिलं. सही केली.

"आणि बाकीचे?" मी विचारलं. "त्यांचं घर नका हो घेऊ. गाडी आली की येणार आहेत सगळे."

छत्री उचलत म्हणाले, "महिन्याची नोटीस काढतो. पुढच्या खेपेला प्रत्येक घरात भांड्यांवर वेगळं नाव दिसलं पाहिजे. आणि तुमच्या मुलाला सांगा, आईला असं एकटं टाकून दुकानात बसू नये." एवढं बोलून निघाले. हसले की नाही, ते छत्रीमुळे दिसलं नाही.

शनिवार, ३० एप्रिल

दिवसभर सगळ्यांकडून माझं सामान परत वर आणलं. गादी, साड्या, तुळस. भांडी ट्रंकेत भरणार होते. मग फळीवर लावली, मोठ्यापासून लहानापर्यंत. ट्रंकेवर चादर घालून बसायला केली.

सबनीसांना फोन केला. नोटिशीचं सांगितलं. मग म्हणाले, "मिसेसशी बोलतो." मी म्हटलं, त्यांना सांगा, इथे पाणी नाही हे खरं, पण स्वतःची मोरी आहे. मागून बाईंचा आवाज आला, "काय म्हणतायत?"

संध्याकाळी दाराशी रांगोळी काढली. छोटीच.

दादाला काय सांगायचं? भीती वाटते. फार वाटते.

रविवार, ८ मे

परवा वायरमन बोलावून बेल बसवून घेतली. चिमणीच्या आवाजाची. आतून कडीसुद्धा लावायला लागले आहे.

आज दादा, चारू आणि अनुया आले. किल्ली फिरण्याचा आवाज झाला, दार उघडेना. पुन्हा फिरली. मग दादाची हाक, "आशा, दार का लागत नाही? म्हणजे उघडत नाही?" मी आतूनच म्हटलं, "दादा, बेल आहे बाजूला."  मग चिमणी ओरडली. मी दार उघडलं.

दादा आत येऊन फळीवरची भांडी बघत उभा राहिला. "ट्रंक उघडलीस?"

"हो."

"बरं. तपासणी तर झाली. आता सामान बांध, चारू टॅक्सी बघेल."

"दादा, मी लिहून दिलंय. इथेच राहीन म्हणून."

"अगं, ते त्यांना दिलंस. आपल्याला काय त्याचं?"

मी म्हटलं, "मला आहे." आणि पुढेही म्हटलं, "पाटल्या माझ्या, हप्ता माझा, सही माझी. तू धावपळ केलीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण घर माझं आहे दादा. मला इथेच राहायचंय."

दादा खाली बसला. ट्रंकेवरच. त्याचा चेहरा इतका उतरला की मी जवळजवळ म्हणाले, जाऊ दे, बांधते सामान. खरंच ओठांवर आलं होतं. तेवढ्यात चारू म्हणाला, "पण आत्या, आमचं काय?" आणि त्याला उत्तर अनुयाने दिलं. "वरच्या गटासाठी नवीन सोडत निघतेय. आपली मिळकत त्यात बसते. मी अर्ज आणून ठेवलाय. मागच्या खेपेला कढीपत्ता बघितला तेव्हाच आणला." चारू तिच्याकडे आणि मग कुंडीकडे बघत राहिला, कढीपत्त्याने काय केलं ते त्याला कळेना.

सगळ्यांना जेवायला बसवलं. वहिनी नव्हती, म्हणून कोलंबी. दादा आधी नको नको म्हणाला. मग भात दोनदा घेतला. आईच्या हातची आठवण आली म्हणाला.

निघताना मी म्हटलं, "दादा, किल्ली ठेवून जा."

"असू दे की माझ्याकडे. अडीअडचणीला."

"या इमारतीत सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. माझ्याच घराची एक तेवढी तुझ्याकडे."

त्याने जुडगा काढला. कडी घट्ट होती, निघेना. मी केसातला आकडा काढून दिला, त्याने ती सैल केली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. मग चपला घालून दोन पायऱ्या उतरला आणि मागे वळला.

"पुढच्या रविवारी येऊ का गं?" दादाने विचारलं.

दादाने मला असं कधीच विचारलं नव्हतं. विचारायला माझं घर होतंच कुठे? 

म्हटलं, "ये की. बेल वाजव."